वहिनीची डावी बाजू

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

या हाकेने तुझं तोंड वाकडं झालं असणार, म्हणूनच मारली. तू लेकीकडे राहायला गेल्यापासून इथे कुणाला चिडवायची सोयच राहिली नाही. तुझा दादा तर काहीही म्हटलं तरी हसतो.

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ठेवल्यावर कुणालाच काही आठवत नाही, हा तुझाच शोध. शिवाय आजची बातमी अशी आहे की मध्ये कुणी बोललेलं मला चालणार नाही.

मी स्पर्धेत नाव दिलंय. आपल्या कोर्टावरची एप्रिलची स्पर्धा, पंचावन्नच्या पुढच्या बायकांची, एकेरी.

झालं असं, की तू गेल्यावरही मी रोज सकाळी रॅकेट घेऊन जातच होते. भिंतीवर बॉल मारायचा आणि घरी यायचं. परवा तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्याच, पांढऱ्या टोपीच्या. मला म्हणाल्या, "जोडीदारीण गेली, म्हणजे आता तुमचं टेनिस संपलं म्हणायचं." दात उपटताना बोलतात तशा अगदी गोड आवाजात. मी तिथल्या तिथे ऑफिसच्या खिडकीशी गेले आणि नाव देऊन आले. अगं, इतकी वर्षं मी तुला सकाळ-सकाळ पाणी पाजत आलेय, आणि तू तर कॉलेजच्या टीमची कॅप्टन होतीस. मग या डॉक्टरीणबाई कोण लागून गेल्या?

आता प्रश्न सरावाचा. तुझ्या तोडीचं इथे कुणी नाही. म्हणून मी बॉल फेकणारं मशीन घ्यायचं ठरवलंय. वरच्या टोपलीत बॉल भरायचे, बटण दाबायचं, की ते समोरून एकेक फेकत राहतं आणि आपण मारत सुटायचं. चामडं शिवायच्या नव्या मशीनसाठी पैसे बाजूला ठेवले होते, तेच वापरीन म्हणते. जुनं मशीन खडखडतं, पण लोकांचे सोफे शिवून होतायत. तुझा दादा म्हणाला, "एका मशीनच्या पोटावर पाय देऊन दुसरं आणतेस." आणि मग स्वतःच दुकानांचे पत्ते शोधत बसला.

तुला यातलं कळतं. कुठलं घेऊ ते लगेच कळव. मी आत्तापासूनच पायात बूट घालून बसलेय असं समज.

तुझी
अजिंक्य वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र गाडीतच वाचलं. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलने मला शिकवायला लगेच ठेवून घेतलंय आणि माझ्या नशिबी सध्या एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. स्टिअरिंग असं धरतात की जणू ते कुणी पळवून नेणार आहे. मी "नाव दिलंय" या ओळीवर पोचले आणि त्यांनी गाडी फुटपाथवर घातली. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून वाचलो. तो मी इतका हळू दाबते की आपणच वेळेवर थांबलो असं त्यांना वाटतं. उतरताना मलाच म्हणाले, "आज कंट्रोल चांगला होता."

मशीन घे. त्याबद्दल दुमत नाही. पण मोठ्याच्या नादी लागू नकोस. ती मोठी मशीनं डावीकडे-उजवीकडे मान फिरवतात आणि बॉल कुठे टाकतील याचा नेम नसतो. पैसे वाया. अगदी छोटं, बॉल नुसता वर उडवणारं मिळतं, ते लहान मुलांसाठी. तू मधलं घे. बॅटरीवर चालणारं, खाली चाकं असलेलं, एका जागी बॉल टाकणारं. वेग कमी-जास्त करता आला की पुरे. उरलेल्या पैशांत शिवायचं मशीन आण, तुझ्या मनगटाला आराम पडेल.

आणि एकेरीच का गं? दुहेरीत मजा जास्त असते. डॉक्टरीणबाईंचं बोलणं कशाला मनावर घेतेस. नाव मागे घेता येतं का, विचार ना. पाठ धरली म्हणून सांग, तुझ्या धंद्यात ते खरंही वाटेल.

दादाला म्हणावं, हसणं थांबव आणि तिला समजाव.

तुझी नणंद


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझा सल्ला वाचून मी आणि दादा पोट धरून हसलो. लेकीकडे गेल्यापासून तू चिक्कू झाली आहेस. आणि नाव मागे घे काय? मी खेळणार आणि तू तिथे बसून राहणार म्हणून पोटात दुखतंय का तुझ्या? दुखू दे, औषध लागू पडेल.

तर ऐक. काल दुकान बंद ठेवून आम्ही दोघं मशीन बघायला गेलो. तिथला विक्रेता गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होता. का, ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्याने आधी छोटं दाखवलं. प्लास्टिकचं, बॉल टुणकन वर उडवणारं. दादाला फार आवडलं. मग तुझं ते मधलं. बरं होतं, पण एकाच ठिकाणी टाकत राहतं, आपण खांबासारखं उभं राहून मारायचं. आणि मग, वन्सं, मोठं. अंगाने आपल्या जुन्या वॉशिंग मशीनएवढं. आत दोन चाकं गरागरा फिरतात आणि त्यांच्या चिमटीतून बॉल सुटतो. मान फिरवतं, बॉलला फिरकी देतं, उंच टाकतं, पायाशी टाकतं. हातात रिमोट. मी ते एकदा चालू बघितलं आणि माझे हात शिवशिवायला लागले.

विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, तुमची पातळी कोणती? नवशिक्या, मध्यम की पुढची?" मी म्हटलं, "कॉलेजच्या कॅप्टनला मी आजवर हरू दिलेलं... म्हणजे जिंकू दिलेलं नाही." घाईत माझी जीभ अडखळली. तो म्हणाला, मग मोठंच घ्या. दादाने कोपराने ढोसलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. आवडलं नाही तर दीड महिन्याच्या आत बदलून देतो म्हणाला, पण बदलायचंय कुणाला.

मशीन सध्या वर्कशॉपमध्ये एका फाटक्या आरामखुर्चीशेजारी उभं आहे. येणारं गिऱ्हाईक आधी त्याच्याबद्दल विचारतं, मग सोफ्याबद्दल. रविवारी कोर्टावर नेणार. दादाने बॉल वेचायला नवी टोपी घेतली आहे.

तुझी
दिवसेंदिवस भारी होत चाललेली वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहितेय. ते मान फिरवायचं बटण सुरुवातीला लावूच नकोस. मशीनचं तोंड तुझ्या उजव्या हाताकडे कर आणि तिथेच ठेव. वेग सगळ्यात कमी. आणि पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई येतात त्या वेळेला जाऊ नकोस.

का, ते विचारू नकोस. माझं ऐक.

नणंद


२४ फेब्रुवारी

तुझी चिठ्ठी आज मिळाली. रविवार होऊन गेला.

सगळं सांगते. मान फिरवायचं बटण लावलं, वेग पुढच्या पातळीचा ठेवला. डॉक्टरीणबाई शेजारच्या कोर्टावर होत्या. पहिला बॉल उजवीकडे आला, मी सणसणीत मारला. दुसरा डावीकडे आला आणि माझ्या जवळून निघून गेला. तिसरा डावीकडे. मी रॅकेट तिकडे नेली खरी, पण हाताला पुढे काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. चौथा बरगडीवर बसला. पाचव्याला मी पाठ केली. डॉक्टरीणबाई खेळायच्या थांबल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या, ते जास्त लागलं.

दादाने मशीन बंद केलं. बॉल वेचता वेचता सहज म्हणाला, "याला तिच्यासारखं उजवीकडेच टाकायला सांग ना."

मी विचारलं, "कुणासारखं?"

"माझ्या बहिणीसारखं. ती तुला कायम उजव्या हाताशीच द्यायची. मला वाटलं, तुमचं तसं ठरलंय."

ठरलंय. बाकावर बसून मी आठवायला लागले. तू माझ्या डाव्या बाजूला मारलेला एक तरी बॉल. एकही आठवेना. उंच आला तर उजवीकडे, पुढे आला तर उजवीकडे, आणि तो सुद्धा असा अलगद, की त्याला मारलं नाही तर पाप लागेल.

तू मला जिंकू देत होतीस. तुझ्या त्या बँक मॅनेजरला करतेस तेच माझ्याशी केलंस. ब्रेक तुझ्या पायाखाली, आणि मी आपली स्टिअरिंग धरून मिरवतेय. गावभर सांगत फिरले मी. गिऱ्हाइकांना सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या शिट्टीवाल्याला सांगितलं. तुला कधी हसू आलं का गं? आणि आता मधलं घे, नाव मागे घे, बटण लावू नको. एकदा सरळ सांगितलं असतंस.

मला स्पर्धेचं काही नाही. हरले तर हरले. पण रोज सकाळी तो आनंद घेऊन मी दुकानात जायचे आणि दिवसभर मान खाली घालून खिळे ठोकायचे. त्यातलं माझं काय होतं, एवढंच मला सांग.

मशीन परत करणार आहे. रॅकेटही.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. माफी मागायची ठरवून बसले होते, पण मागणार नाही.

आपण पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी तुला मनापासून हरवलं होतं. तू हसत घरी गेलीस आणि दुसऱ्या दिवशी आली नाहीस. दुकानात काम आहे म्हणालीस. मग आलीस, परत हरलीस, परत दुकानात काम निघालं. त्या गावात माझ्याशी खेळायला दुसरं कोण होतं? तिसऱ्या खेपेला मी सगळे बॉल तुझ्या उजव्या हाताशी दिले. तू जिंकलीस. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर फाटक उघडायच्या आधीपासून तू तिथे उभी. मला जोडीदारीण हवी होती, वहिनी. मी ती मिळवली.

हसू आलं का, विचारतेस. हरणं सोपं असतं असं वाटतं तुला? दरवेळी बॉल तुझ्या हाताच्या एकाच टप्प्यात टाकायचा, तोही तुला संशय येणार नाही असा, आणि वर आपण धावल्यासारखं करायचं. कॉलेजात कप जिंकताना मी इतके कष्ट घेतले नव्हते. आणि जिंकलीस की तू कोर्टापासून वर्कशॉपच्या दारापर्यंत अखंड बडबडत यायचीस. ती बडबड ऐकली की मला दिवसभर त्या शिकाऊ लोकांवर चिडायला व्हायचं नाही. इथे येताना मला एकच काळजी होती, की आता तुला बॉल कोण देणार.

त्यातलं तुझं काय होतं, ते सांगते. उजवीकडून तू जे मारतेस ते तुझं आहे. मी फक्त बॉल टाकत होते, मारत तू होतीस. तसा फटका डॉक्टरीणबाईंकडे नाही.

आता खरा सल्ला, काही न लपवता. मोठं मशीन तुझ्या कामाचं नाही. शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी बाजारात नेत नाही. एकाच चौकात डावीकडे वळायला लावते, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावर अजून थोडा वेळ. बॉल कुठून येणार हे माहीत असेल तरच हात शिकतो. म्हणून मधलं. एकच जागा. पण तोंड तुझ्या डाव्या हाताकडे.

रॅकेट परत करू नकोस. ती मी दिली होती.

नणंद


४ एप्रिल

वन्सं,

महिनाभर लिहिलं नाही. रागावले होते, हे एक. आणि नंतर वेळ मिळेना, हे दुसरं.

मोठं मशीन परत नेलं. शिट्टीवाल्याने पुन्हा विचारलं, "पातळी?" मी म्हटलं, "उजवीकडून तरबेज, डावीकडून बालवाडी." तो हसला नाही, मुकाट्याने मधलं काढून आणलं. अशी गिऱ्हाइकं त्याला रोजच भेटत असावीत. जे पैसे परत आले त्यात थोडी भर घालून चामडं शिवायचं मशीन आलं. ते इतकं गुपचूप चालतं की मला जुन्याची आठवण येते.

आणि आता ऐक, मला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. रोज सकाळी मी मशीनचं तोंड डावीकडे करते आणि तेच ते, तेच ते. पहिले काही दिवस बॉल पाण्याच्या टाकीवर जायचे. एक दादाच्या टोपीला लागला, तेव्हापासून तो कुंपणाच्या बाहेर बसतो. कोपर दुखलं, पट्टा बांधला. कंटाळा आला, तर तुझं वाक्य आठवून दात-ओठ खात अजून थोडा वेळ खेळले. मग गेल्या आठवड्यात एक बॉल रॅकेटला असा लागला की काही जाणवलंच नाही. गादीत सुई बरोबर टाक्यावर उतरली की हाताला जसं कळतं, तसं कळलं. बॉल समोरच्या कोपऱ्यात पडला. मी मशीन चालूच ठेवून तिथे उभी राहिले, पुढचे तीन बॉल अंगावरून गेले, तरी हसतेय. दादा बाहेरून ओरडला, "लागलं का कुठे?"

आता मागणी. स्पर्धा महिनाअखेरीला आहे. तेव्हा ये, आणि परत जाण्याआधी माझ्याशी एक सेट खेळ. खरा. डावीकडे मार, पायाशी मार, पळव मला. मी हरणार हे मला माहीत आहे. पण तू दया केलीस तर मला ओळखता येणार नाही, म्हणून तुझा शब्द हवा. एकदा तरी मला तुझ्याशी खेळायचंय.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

येते. रॅकेटला नवी तार बांधून घेतली. बँक मॅनेजरांची परीक्षा पुढे ढकलली, त्यांना आनंदच झाला.

शब्द दिला. तू रडलीस तर मी जबाबदार नाही.

नणंद


३ मे

प्रिय वन्सं,

तू पोचलीस हे दादाने सांगितलं. परवा तुला गाडीत बसवेपर्यंत एक गोष्ट माझ्या तोंडाशी येत होती, पण विचारली नाही. फोनवर विचारली असती तर तू ऐकायच्या आत मीच दुसरं काही बोलले असते. म्हणून हे पत्र.

डॉक्टरीणबाईंकडून मी हरले, ते तू बघितलंसच. पण तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा त्या जाळीशी आल्या आणि म्हणाल्या, "हे डावीकडचं कधी शिकलात?" मी म्हटलं, "नुकतंच. दुकानात मिळालं." त्या आता मशीनचा पत्ता मागतायत. त्यांना मी मोठं घ्यायला सांगितलं आहे.

पण माझी स्पर्धा ती नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू समोर उभी राहिलीस आणि पहिला बॉल असा मारलास की मला दिसलाच नाही. अगं, काय खेळतेस तू. नणंद म्हणून तुला इतकी वर्षं ओळखते, एकत्र जेवलो, भांडलो, रोज सकाळी समोरासमोर उभ्या राहिलो, आणि तुझा खेळ मी पहिल्यांदा बघितला. मला राग यायला हवा होता. उलट हरता हरता मी इतकी खूष होते की दादाला वाटलं, मला ऊन लागलंय.

एकामागून एक गेम तू घेतलेस. आणि शेवटच्याच्या आधीचा मी घेतला. एकच. तू काही बोलली नाहीस, नुसता बॉल उचललास आणि पुढच्याच गेममध्ये सेट संपवलास.

तर विचारायचं ते हे. तो एक गेम मला दिलास का? दिला असशील तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण खरं सांग. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही, काल एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला उलटं कापड लावलं.

तुझी
वहिनी


८ मे

वहिनी,

त्या गेमचा शेवटचा पॉइंट आठव. मी तो बॉल तुझ्या डाव्या बाजूला मारला होता, पूर्ण ताकदीने, तिथेच संपवायला. इतक्या वर्षांत तुला जे दिलं ते सगळं मी उजवीकडे दिलं. डावीकडे मी तुला कधीच काही दिलेलं नाही. तो बॉल परत आला, माझ्या पायाजवळून गेला, आणि मी जागची हललेसुद्धा नाही. गेम तुझा आहे.

मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर मीच रडले असते.

आता एक काम कर. त्या शिट्टीवाल्याकडे जा आणि माझ्यासाठी एक मशीन बघ. पातळी विचारली तर सांग, वहिनीकडून एक गेम हरलेली.

तुझी
वन्सं